विशेष गरजा असलेलं मूल वर्गात आलं की: जून ते एप्रिल, एका शिक्षिकेच्या वहीतून

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातल्या एका शाळेत मी तिसरीचा वर्ग घेत होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक आज्जी नातवाचा हात धरून वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, पोरगं जरा मंद हाय. मागं बसवा, कुणाला त्रास देत न्हाई," म्हणाली. मी त्याला मागं बसवलं. खरंच त्रास देत नव्हतं. दिवाळीनंतर आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं तेव्हा कळलं, की त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. पाच महिने ते मूल माझे ओठ दिसावेत म्हणून मागच्या बाकावरून मान ताणत होतं आणि मी त्याच्या नोंदीत लिहीत होते, "लक्ष नाही."

ती चूक माझी होती. त्यानंतरच्या वर्षांत जे शिकले, ते इथं कामाच्या क्रमानं मांडते आहे. चाळीस मुलांचा वर्ग, एकच शिक्षक आणि ठरलेल्या दिवशीच फेरी मारणारे विशेष शिक्षक, ही आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांची परिस्थिती धरूनच हे लिहिलं आहे. माझा आग्रह एकच आहे. दिव्यांगत्वाचा दाखला, साहित्य, विशेष शिक्षक हे सगळं मिळवायचंच. पण ते मिळेपर्यंत थांबायचं नाही. उद्या सकाळी वर्गात जे बदलता येईल, ते उद्याच बदलायचं.

कायद्याचं आधी थोडक्यात सांगते, कारण प्रवेशाच्या वेळी अजूनही "या मुलाला आमच्याकडं जमणार नाही" असं ऐकू येतं. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. देशभराचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व नोंदलं आहे आणि लक्षणीय (किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. दिव्यांगत्वाचं कारण पुढं करून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांशी बोलताना हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

जून: पाहायचं आणि लिहायचं

पहिले पंधरा दिवस कुठलंही नाव द्यायचं नाही. एक दोनशे पानी वही करायची, ज्या मुलाबद्दल शंका वाटते त्याला दोन पानं द्यायची आणि रोज दोन ओळी लिहायच्या. डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच त्यात यावं. "आळशी आहे" हे निरीक्षण होत नाही. "फळ्यावरच्या सहा ओळींपैकी दोन उतरवल्या, प्रत्येक शब्दाला मान वर केली, शेजारच्याच्या वहीतून तिसरी घेतली" हे निरीक्षण. पंधरा दिवसांनी ही पानं वाचली की कितीतरी गोष्टी आपोआप दिसायला लागतात. एका मुलीच्या पानावर सगळ्या अडचणी मधल्या सुट्टीनंतरच्या होत्या. विचारल्यावर कळलं, ती सकाळी उपाशी येत होती आणि फिटच्या गोळीनं तिला दुपारी गुंगी यायची.

सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. "अभ्यासात मागं" म्हणून आलेल्या मुलांत नुसत्या चष्म्याची गरज असलेलं एखादं मूल निघतंच. वर्गात करण्यासारखी साधी चाचपणी अशी: मूल फळ्याजवळ येऊन वाचतं का, पुस्तक नाकाला लावतं का, एक डोळा झाकला की गोंधळतं का. कानांसाठी त्याच्या मागं दोनतीन हातांच्या अंतरावर उभं राहून, तोंडापुढं कागद धरून, हळू आवाजात "पाणी", "दप्तर", "खिडकी" असे शब्द म्हणायचे आणि त्याला परत म्हणायला सांगायचं. सारखी सर्दी, कान वाहणं, मोठ्यानं बोलणं, हाक मारल्यावर भलतीकडं बघणं, हेही लिहून ठेवायचं. यावरून निदान होत नाही. कुणाला आधी डॉक्टरकडं पाठवायचं तेवढं ठरतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. तो दिवस गडबडीचा असतो. सगळी मुलं रांगेतून पुढं सरकतात आणि नेमकं आपलं मूल दोन मिनिटांत तपासून होतं. म्हणून आपल्या वहीतून त्या चारपाच मुलांची नावं आणि निरीक्षणं आधीच एका कागदावर काढून डॉक्टरांच्या हातात द्यायची. माझ्या अनुभवात या एका कागदानं सगळ्यात जास्त फरक पडला.

एनसीईआरटीचं 'प्रशस्त' नावाचं ॲप २०२२ मध्ये आलं. त्यात शिक्षकानं निरीक्षणं भरली की कुठल्या प्रकारच्या अडचणीची शक्यता आहे ते कळतं आणि पुढची तपासणी विशेष शिक्षक करतात. वही तयार असेल तर ॲप भरायला वेळ लागत नाही, आणि अंदाजानं काही भरलंही जात नाही.

घरच्यांशी बोलणं

हे काम व्हरांड्यात, बाकीच्या पालकांसमोर करायचं नाही. पालकसभेत तर नाहीच. घरी जाता आलं तर उत्तम. नाहीतर शाळा सुटल्यावर वर्गात, खुर्ची मुलांच्या बाकाशेजारी ओढून बसायचं. सुरुवात मुलाला काय चांगलं येतं त्यापासून करायची आणि ते खरं असलं पाहिजे. "गोठ्यातल्या सगळ्या जनावरांची नावं सांगतो" हेही चालतं, किंबहुना तेच जास्त चालतं.

मग आपण काय पाहिलं ते सांगायचं आणि विचारायचं. बाळंतपण कसं झालं, बाळ लगेच रडलं का, लहानपणी मोठा ताप किंवा फिट आली होती का, बोलायला कधी लागलं, कुठली औषधं चालू आहेत. रोगाचं नाव आपण उच्चारायचं नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. एवढंच म्हणायचं, "वहिनी, मला वाटतं एकदा कान तपासून घेऊया. निघालं काही तर लवकर कळलेलं बरं." वडील बऱ्याचदा गप्प राहतात आणि आज्जी भांडायला उठते, "आमच्या घराण्यात असलं काय न्हाई." त्या रागामागं भीती असते. उद्या सोयरीक जमताना नाव निघेल ही भीती. वाद घालू नये. दोन आठवड्यांनी पुन्हा जावं, आणि दुसऱ्या वेळी मुलाची वही बरोबर न्यावी.

ऊसतोड, गुऱ्हाळ किंवा लावणीच्या हंगामात रोजगार बुडवून पालक दवाखान्याला जातील अशी अपेक्षा धरू नये. हंगामाचं वेळापत्रक विचारून तारीख ठरवावी.

कागदपत्रं, ही समांतर चालू ठेवायची

गट साधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानातल्या समावेशित शिक्षणाचे साधनव्यक्ती आणि विशेष शिक्षक असतात. त्यांना केंद्रप्रमुखांमार्फत लेखी कळवा आणि पत्राची पोच ठेवा. तोंडी निरोप हरवतात. श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, पायाला आधार देणारं कॅलिपर, ब्रेल किंवा मोठ्या छपाईची पुस्तकं, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचं विद्यावेतन, घरी जाऊन शिकवण्याची सोय, हे सगळं याच वाटेनं येतं. साहित्यासाठी मोजमाप शिबिर लागतं. त्या दिवशी मूल हजर नसेल तर पुढच्या शिबिरापर्यंत थांबावं लागतं. तारीख कळली की वर्गातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा आणि मग तपासणीला जायचं. कोल्हापुरात लोक यासाठी सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जातात. कुठल्या प्रकारची तपासणी कुठल्या वारी असते ते आधी विचारून घ्यावं, कारण गगनबावड्याहून किंवा चंदगडहून आलेल्या आईला "पुढच्या आठवड्यात या" हे एक वाक्य दिवसाच्या मजुरीएवढं पडतं. आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, फोटो, जुने केसपेपर आणि आपल्या वहीतली नोंद, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. वाचन-लेखन-गणितातल्या अध्ययन अक्षमतेचा दाखला साधारण ८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. म्हणजे पहिली-दुसरीत दाखला नसणारच, पण मदत मात्र तेव्हाच सुरू व्हायला हवी.

स्वमग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची. पुष्कळ पालकांना ती माहीत नसते. सांगा.

वर्ग बसवताना

कमी ऐकू येणारं मूल पुढून दुसऱ्या बाकावर, थोडं बाजूला, म्हणजे त्याला बाईंचा चेहराही दिसतो आणि मान वळवून बोलणारी मुलंही दिसतात. आपण खिडकीकडं पाठ करून उभं राहायचं नाही. उजेड मागून आला की आपला चेहरा काळा दिसतो. आपल्याकडं जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की वर्गात काहीच ऐकू येत नाही. त्या दिवसांत त्या मुलासाठी महत्त्वाचा भाग फळ्यावर लिहूनच घ्यायचा आणि तोंडी काम पाऊस ओसरल्यावर करायचं.

कमी दिसणाऱ्या मुलाला फळ्यावर चमक पडत नाही अशी जागा. चंचल मुलाला दार-खिडकीपासून दूर, पण भिंतीत कोंबून नव्हे. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाचे पाय लोंबकळता कामा नयेत. पायाखाली लाकडी पाट किंवा दोन विटा ठेवल्या की कंबर सरळ राहते, आणि कंबर सरळ राहिली की हात मोकळा होतो. हे इतकं साधं असूनही बहुतेक वर्गांत राहून जातं.

रॅम्पचं प्रमाण लक्षात ठेवा, एकास बारा. पायरी एक फूट उंच असेल तर रॅम्प बारा फूट लांब हवा. अनेक शाळांत जागा नाही म्हणून चार फुटांचा उतार करून ठेवलेला असतो. त्यावरून खुर्ची चढत नाही आणि उतरताना मूल पडतं. शौचालयाचं दार खुर्ची आत जाईल एवढं रुंद आणि बाहेर उघडणारं हवं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून ही मागणी ग्रामसभेत मांडता येते. चांगली रचना प्रत्यक्ष पाहायची असेल तर उचगावला जाऊन या. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली सुरू केलेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' संस्थेचं काम तिथं आहे. आधी फोन करून, गावातल्या गवंड्यालाही बरोबर घेऊन जावं.

शिकवताना: वाचनाची अडचण

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण हे मूल कुणाला दिसत नाही. चालतं-बोलतं, हुशारीनं उत्तरं देतं, कबड्डीत पुढं असतं आणि वहीत मात्र लाल रेघाच रेघा. "करायचं नाही म्हणून करत नाही" असा शिक्का त्याच्यावर सगळ्यात लवकर बसतो.

मराठी बऱ्याच अंशी जशी बोलतो तशी लिहिली जाते, त्यामुळं अशी मुलं मराठी वाचायला शिकतात, पण फार सावकाश आणि फार दमून. इंग्रजीचं स्पेलिंग आलं की कोलमडतात. सेमी इंग्रजीच्या वर्गात हे पाचवीत एकदम उघडं पडतं. मराठीतल्या त्यांच्या चुका ठरावीक जागी होतात: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य. 'ख' हा 'रव' वाचला जातो. वेलांटी कुठल्या बाजूला, उकार की ऊकार, मात्रा एक की दोन. आणि जोडाक्षरं. 'सूर्य' मधला रफार बोलताना आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. या मुलांना तो कुठं ठेवायचा तेच समजत नाही.

मी असं करते. आधी महिनाभर फक्त कानांचं काम. "कमळ मधला पहिला आवाज कुठला? क काढला तर काय उरलं?" हा खेळ परिपाठानंतर पाच मिनिटं सगळ्या वर्गाशी खेळायचा, म्हणजे कुणी एकटं पडत नाही. मग गोंधळाची जोडी एका वेळी एकच. घ शिकवताना ध पंधरा दिवस बाजूला. अक्षर ताटलीतल्या रव्यात बोटानं, मग गोणपाटाच्या तुकड्यावर, मग हवेत अख्खा हात फिरवून काढायचं आणि काढताना मोठ्यानं म्हणायचं. हात, डोळा आणि कान एकदम कामाला लागले की अक्षर टिकतं. स्वरचिन्हांची कार्डं रंगीत ठेवते: वेलांटी लाल, उकार निळा, मात्रा हिरवी. काळ्या 'क' शेजारी ती एकेक सरकवून की, कू, के करायचं. बाराखडी पाठ म्हणता येणारी कितीतरी मुलं सुटं 'कू' ओळखत नाहीत. त्यामुळं पाठांतराला फसू नका.

जोडाक्षर फोडून दाखवायचं. 'पुस्तक' म्हणजे पु, स्, त, क. चार कार्डं, त्यातलं एक पाय मोडलेलं.

सगळ्या वर्गासमोर अचानक उभं करून वाचायला लावू नका. वाचून घ्यायचंच असेल तर चार ओळी आदल्या दिवशी खूण करून द्या, म्हणजे ते घरी दहादा वाचून येतं आणि वर्गात मान खाली जात नाही. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड घरच्या मोबाइलवर उघडून धडा ऐकायला सांगा. धड्यातला आशय कळण्यासाठी दर वेळी डोळेच वापरले पाहिजेत असं नाही. इतिहास, परिसर अभ्यास तपासताना शुद्धलेखनाचे गुण कापू नका. शुद्धलेखनाच्या वहीतसुद्धा एका वेळी एकच प्रकारची चूक दाखवा. या आठवड्यात फक्त वेलांट्या, बाकी सगळं सोडून.

गणितात मराठीची स्वतःची एक अडचण आहे. आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. लिहितो मात्र आधी २, मग ५. अडखळणारं मूल ऐकतं तसं लिहितं, ५२. एकोणतीस, एकोणचाळीस तर आणखीच अवघड. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद बाजूला ठेवून सांगते, या मुलांना तिचा उपयोग होतो. आधी 'वीस पाच', हातात दहा-दहा मण्यांचे दोन दांडे आणि पाच सुटे मणी, अंक लिहून झाला की मग 'पंचवीस'. चौकटीची वही द्या, एका चौकटीत एक अंक. वीस गणितांऐवजी पाच द्या. पाढ्यांचा तक्ता बाकावर चिकटवायला काही हरकत नाही. त्याला भागाकाराची रीत समजली का ते आपल्याला तपासायचं असतं.

बाकीच्या विशेष गरजांच्या मुलांसाठी

कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी फळ्याकडं तोंड करून बोलायचं नाही. लिहा, थांबा, वळा, मग बोला. मागच्या बाकावरून कुणी उत्तर दिलं तर ते आपण परत म्हणायचं. विषय बदलला की त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. श्रवणयंत्र चालू आहे का हे रोज परिपाठाच्या आधी बघायचं. सेल संपलेलं यंत्र कानात म्हणजे कानात बोळाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात यंत्रात ओल जाते. रात्री ते घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत ठेवायला घरच्यांना सांगा; पुडी मात्र लहान भावंडाच्या हाती लागू देऊ नका.

कमी दिसणाऱ्या किंवा अंध मुलाशी बोलताना आधी नाव घ्या, नाहीतर प्रश्न कुणाला आहे तेच त्याला कळत नाही. "हे इथून तिथं" म्हणू नका, "डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून" म्हणा. काळं स्केचपेन, जाड रेघांची वही. नकाशा बोटांनी वाचता आला पाहिजे. मी पुठ्ठ्यावर आपल्या जिल्ह्याचा नकाशा करून कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीसाठी लोकरीचे चार धागे चिकटवले आणि चिखलीच्या प्रयागापासून पुढं पंचगंगेसाठी जाड सुतळी. डोळस मुलंसुद्धा डोळे मिटून त्यावर बोटं फिरवायला रांग लावत होती आणि पंचगंगा कशी होते ते वर्गातल्या एकालाही परत सांगावं लागलं नाही.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कुठलंही काम तुकडे करून शिकवायचं. पोषण आहाराआधी हात धुणं म्हणजे नळ सोडणं, हात ओले करणं, साबण घेणं, चोळणं, धुणं, नळ बंद करणं, पुसणं, सात कामं. कधी कधी शेवटून शिकवणं सोपं जातं: सहा पायऱ्या आपण हाताला धरून करून घ्यायच्या, सातवी त्यानं एकट्यानं. काम पूर्ण केल्याचा आनंद रोज त्याचा. सातवी जमली की सहावी सोडायची. गणित म्हणजे पैसे: दहाच्या नाण्यांनी वडापाव घेणं, सुटे परत मागणं. आठवडी बाजारात आईबरोबर एक वस्तू त्यानं घ्यायची, असा गृहपाठ द्या.

मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाच्या पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, म्हणजे पकड जाड होते. कागद चिकटपट्टीनं बाकाला लावा. बोलायला वेळ लागत असेल तर मनात दहा आकडे मोजा आणि त्याचं वाक्य आपण पूर्ण करू नका. हात चालत नसेल आणि बोलणंही अस्पष्ट असेल, तरी बुद्धी अगदी तल्लख असू शकते. हे मी शिक्षकांनाही पुन्हा पुन्हा सांगते.

स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर हवा असतो: प्रार्थना, मराठी, सुट्टी, गणित, घर. झालेलं चित्र काढून पाकिटात टाकायचं. क्रम बदलणार असेल तर आधी सांगायचं. गणपतीत शाळेजवळून ढोल जाणार असेल, स्नेहसंमेलनाची तालीम असेल, तर मुलाला आधी नेऊन जागा दाखवावी आणि शांत कोपरा ठरवून द्यावा, ग्रंथालयाच्या कपाटामागची आसनपट्टीसुद्धा चालते. "डोकं खाऊ नकोस" म्हटलं तर ते शब्दशः घेऊन घाबरलेली मुलगी मी पाहिली आहे. साधं, थेट बोला. आवेगात असताना तर बोलूच नका, फक्त जवळ थांबा.

अतिचंचल मुलाला एका वेळी एकच सूचना, दहा मिनिटांचं काम आणि मग उठायचं कारण: खडू आण, वह्या वाट, कार्यालयात चिठ्ठी दे. त्याची मधली सुट्टी किंवा खेळाचा तास शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. हालचाल बंद केली की पुढचा तास आणखी अवघड होतो. मारणं, अपमान करणं हे शिक्षण हक्क कायद्यानं सगळ्याच मुलांच्या बाबतीत बंद केलेलं आहे.

फिट आली तर

हे शाळेतल्या प्रत्येकाला, पोषण आहाराच्या मावशींनासुद्धा, माहीत हवं. घड्याळ बघा. आजूबाजूची बाकं सरकवा, डोक्याखाली दप्तर किंवा ओढणी ठेवा, कॉलर सैल करा, झटके थांबताच कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, हातात किल्ल्या देणं यानं काही होत नाही; त्यात वेळ जातो आणि मुलाचा अपमान होतो. ५ मिनिटांच्या वर झटके चालले, लागोपाठ दुसरी फिट आली, श्वास नीट येईना किंवा मार लागला तर १०८ ला फोन. मुलाची ही पहिलीच फिट असेल, तरीही १०८ ला फोन करायचाच. नंतर मूल झोपेल, झोपू द्या. कपडे ओले झाले असतील तर बाकीची मुलं बाहेर काढून मग बदला. यासाठी एक जादा कपड्यांचा जोड कपाटात ठेवा.

वर्गातली बाकीची मुलं

मुलांना खरं सांगितलं की ती समजून घेतात. "त्याच्या कानाला यंत्र आहे, जसा तुझ्या डोळ्याला चष्मा" एवढं पुरतं, पण ते सांगण्याआधी मुलाला आणि घरच्यांना विचारावं. 'बिचारा' हा शब्द वर्गात वापरू नका. जोडीदार द्यायचा असेल तर दर आठवड्याला बदला. वर्गातल्या एकाच गुणी मुलीवर वर्षभराची जबाबदारी टाकणं तिच्यावर अन्याय आहे. आणि मदत दोन्हीकडून व्हायला हवी. तो चित्र चांगलं काढतो तर फलकाची सजावट त्याच्याकडं. रंकाळ्याला किंवा पन्हाळ्याला सहल निघाली की "त्याला घरी ठेवा, सांभाळणार कोण" हे वाक्य येतंच. त्याचं उत्तर आधी तयार ठेवा: कुणाची आई येणार, खुर्ची कुठपर्यंत जाते, शौचालय कुठं आहे.

एक पानी आराखडा आणि परीक्षा

वैयक्तिक आराखडा म्हटलं की बारा पानी तक्ते भरले जातात आणि फाईलमध्ये पडून राहतात. माझा एका पानाचा असतो. आज काय येतं, तीन महिन्यांत कुठल्या तीन गोष्टी यायला हव्यात, त्यासाठी वर्गात मी काय करणार, घरी कोण काय करणार, विशेष शिक्षक काय करणार. ध्येय मोजता येईल असं असावं: "वाचन सुधारणे" असं लिहू नये, "वेलांटी-उकाराचे दहा शब्द न अडखळता वाचणे" असं लिहावं. दिवाळीच्या सुट्टीआधी पान काढून बघायचं. जमलं नसेल तर ध्येय लहान करायचं किंवा रीत बदलायची.

पहिली ते आठवीत आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या, मूल्यमापनात भरपूर मोकळीक आहे: तोंडी उत्तर, चित्र दाखवून उत्तर, जास्त वेळ, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका. ती वापरा. खरी घाई दहावीला होते. जादा वेळ (तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास), लेखनिक, गणिताच्या अक्षमतेत कॅल्क्युलेटर अशा सवलती अक्षमतेच्या प्रकारानुसार मिळतात. पण प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडं जावा लागतो आणि त्याला वैद्यकीय दाखला लागतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचं मंडळ आपल्याकडंच आहे. दाखल्याचं काम आठवीत सुरू करा. दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ केली तर मूल विनासवलत बसतं. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्याच्याबरोबर नववीपासून सराव करून घ्या. उत्तर तोंडी रचून दुसऱ्याकडून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, ते परीक्षेच्या सकाळी येत नाही.

एप्रिल: पुढच्या शिक्षकाच्या हातात

वर्षभर जे कष्टानं उमगतं, ते जूनमध्ये वर्ग बदलला की पुसलं जातं. नवे शिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, मूल पुन्हा मागच्या बाकावर जातं. म्हणून एप्रिलमध्ये प्रत्येक अशा मुलाचं एक पान लिहून नव्या शिक्षकांना प्रत्यक्ष द्यावं. कुठं बसवल्यावर चालतं, काय करून पाहिलं आणि जमलं नाही, औषधाची वेळ, घरी कुणाशी बोलायचं, दाखला कुठवर आला, कुठलं साहित्य मिळालं आणि कुठलं दुरुस्तीला गेलं. त्यात आजाराचं नाव शेवटी येतं.

हे पान लिहून झालं की मी मुलाला विचारते, "नव्या सरांना तुझ्याबद्दल काय सांगू?" आणि ते म्हणेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहिते. त्या आज्जीच्या नातवानं, कानात नवं यंत्र घालून, थोडा विचार केला आणि सांगितलं, "फळ्याकडं तोंड करून बोलू नका म्हणावं. आणि मला मागं बसवू नका."